चष्म्याच्या दुकानातला अंतर्यामी

बाबांनी डावा हात वर केला आणि दिवाणखान्यातले दिवे हळूहळू मंदावले. बटणाजवळ कोणी गेलं नव्हतं. बटणाला पाठ टेकून मीच उभी होते, त्यामुळे हे मी खात्रीनं सांगते.

"दृष्टी आत वळतेय," बाबा म्हणाले. "आता बाहेरचा उजेड नको."

खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. सोफ्याच्या हातांवर, खिडकीच्या कट्ट्यावर, पार जिन्यापर्यंत माणसं दाटीवाटीनं बसली होती. खाली चष्म्यांचं दुकान, वर घर. घर माझ्या धाकट्या बहिणीचं, म्हणजे तिच्या सासऱ्यांचं. त्यांना सगळे आप्पा म्हणतात. कोपऱ्यातल्या पलंगावर सासूबाई पडून होत्या. न्हाणीघरात घसरून त्यांचं कंबरेचं हाड मोडलं होतं, तेव्हापासून त्यांचा मुक्काम दिवाणखान्यातच होता. धाकटी त्यांचं सगळं अंथरुणात करायची, आणि तोंड वाकडं न करता करायची. आणि मधोमध, आप्पांच्या आरामखुर्चीत, खांद्यावरून मांडीपर्यंत शाल सोडून बाबा बसले होते. लोक त्यांना 'अंतर्यामी' म्हणत. पायावर डोकं ठेवलेल्या बाईला आज सकाळी तिनं भाजीत मीठ जास्त घातलं, हेसुद्धा ते सांगायचे.

"या घरात एक स्त्री आहे," बाबा सुरू झाले. आवाज असा, की मध कमी आणि चिकटपणा जास्त. "देह घरात, पाय बाहेर. ती म्हणते, वैताग आलाय मला. वाटतं, पोरीला उचलावं आणि निघून यावं. हेच शब्द ना गं पोरी?"

ते धाकटीकडे बघत होते. तिच्या हातात सासूबाईंचा पाण्याचा पेला होता. तो तिनं खाली ठेवला.

ते शब्द तिचेच होते. आठवड्यापूर्वी, सासूबाई झोपल्यावर, दिवाणखान्यातूनच ती ते मला फोनवर म्हणाली होती. सासूचं करून, दुकानाचे हिशेब बघून, पोरीला शाळेत सोडून जीव आंबला की कोण असं म्हणत नाही? मी तिला शिव्या घातल्या, ती हसली, विषय संपला. मी ते कोणालाही सांगितलेलं नव्हतं. माझ्या अंगावर काटा आला, हे लपवत नाही.

"खरं आहे का हे?" आप्पांनी विचारलं.

धाकटीला खोटं बोलता येत नाही. "बोलले होते," ती म्हणाली. "पण तसं नाही आप्पा, मी आपली..."

"ही सावली या घरात आहे तोवर," बाबांनी पलंगाकडे बोट केलं, "ही माऊली उठून चालणार नाही."

झालं. आप्पा उठले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "तुला जायचंय ना, जा. नात इथेच राहील." तिचा नवरा, म्हणजे आमचे मेहुणे, गालिच्यावरची नक्षी मोजत बसले. पाच वर्षांची पोर जिन्यात "आई, आई" करत होती आणि शेजारच्या काकूंनी तिला घट्ट धरून ठेवलं होतं. धाकटी एक पिशवी घेऊन माझ्याबरोबर बाहेर पडली. माझ्या घरी आल्यावर म्हणाली, "ताई, तिला झोपताना माझ्या कानाची पाळी धरायला लागते गं."

तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. लोक म्हणतात सूड वाईट. म्हणू देत. मला न्यायबिय काही नको होता. त्याच खोलीत, त्याच माणसांसमोर, त्याच खुर्चीत त्या माणसाचं तोंड माझ्या बहिणीच्या तोंडासारखं पांढरंफटक पडलेलं मला बघायचं होतं. पोर आईच्या कुशीत परत आणायची होतीच, पण त्याला असं सहज सोडून नव्हे.

आता माझा धंदा सांगते. मी विमा कंपनीत दावे तपासते. दुकान जळालं की आग कशी लागली, हे जळलेल्या वस्तूंवरून कळत नाही. काय जळलं नाही, ते बघायचं असतं. आग लागायच्या आदल्या दिवशी मालकानं नवा टीव्ही बहिणीकडे नेऊन ठेवलेला असतो. तर मी धाकटीला माझ्या स्वयंपाकघरात बसवलं आणि विचारलं, "त्याला काय कळतं ते सोड. काय कळत नाही, ते सांग."

"सगळंच कळतं त्याला."

"कप्पाळ कळतं. आठव."

हळूहळू ती आठवायला लागली. बाबा पहिल्यांदा आले ते गिऱ्हाईक म्हणून. वाचायचा चष्मा करायला टाकला. काच घासून, फ्रेममध्ये बसवून हातात मिळायला वेळ लागतो, तोवर गिऱ्हाईक दुकानातल्या बाकावर बसतं. बाबाही मोबाइल बघत बसले. चष्मा मिळाल्यावर आप्पांना म्हणाले, "वर एक माऊली निजली आहे. निळी रजई. आज सूप प्यायली नाही." आप्पांनी जी मान तुकवली ती तुकवलीच. त्यानंतर बाबांनी दुकानासमोरच्या लॉजमध्ये वरची खोली घेतली आणि गल्लीत त्यांचं प्रस्थ वाढलं.

"आणि काय नाही कळलं?"

धाकटी म्हणाली, "एकदा मी स्वयंपाकघरात ह्यांना म्हटलं होतं, हा मेला ढोंगी आहे. त्याच दिवशी तो आला आणि मला म्हणाला, पोरी, तुझी श्रद्धा मोठी आहे."

मला हसू फुटलं. कितीतरी वेळानं तीही हसली. म्हणजे अंतर्यामीची दृष्टी दिवाणखान्यापर्यंत जात होती आणि स्वयंपाकघराच्या दारात अडखळत होती. देवाला बरं भिंतीचं वावडं!

"अजून?"

"कोपऱ्यावरच्या दातांच्या डॉक्टरांचं घर. तिथे तो जातच नाही. म्हणतो त्या घरावर काळोख आहे, तिथे दृष्टी बुजते. लोकांनी त्या दवाखान्यात जाणं सोडलंय."

दुसऱ्या दिवशी मी कोपऱ्यावरच्या दवाखान्यात गेले. खुर्च्या खरंच रिकाम्या होत्या. डॉक्टर पन्नाशीचे, मिश्कील, पण आतून दुखावलेले दिसले. मी दात दाखवण्याच्या भानगडीत न पडता सरळ विचारलं, "त्या बाबाशी तुमचं काय वाकडं आहे?"

"माझं काहीच नाही. त्याचंच माझ्याशी आहे. पहिल्या आठवड्यात तो इथे येऊन बसला आणि वायफायचा पासवर्ड मागितला. मी म्हटलं, त्यावर पेशंटचे एक्स-रे असतात, तो मी सख्ख्या मेहुण्यालाही देत नाही. तेव्हापासून माझ्या घरावर काळोख पडला."

डॉक्टरांनी खिशातून मोबाइल काढला आणि गल्लीत पकडता येणाऱ्या वायफायची यादी उघडली. प्रत्येक नावापुढे एक छोटं कुलूप होतं. एका नावापुढे नव्हतं. ते नाव होतं आप्पांच्या दुकानाचं.

"आप्पांना कितीदा सांगितलं," डॉक्टर म्हणाले. "ते म्हणतात, आमच्याकडे माणूस चष्म्यासाठी ताटकळतो. त्याला पासवर्ड मागायला लावणं म्हणजे तहानलेल्याला पाणी मागायला लावणं. दुकानाचं आणि घराचं वायफाय एकच. ते खुलं आहे, आणि समोरच्या लॉजमध्ये अगदी छान पोचतं."

"आणि त्यातून घरातलं बोलणं ऐकू येतं?"

"एवढ्यानं नाही. पण घरात त्या वायफायला आणखी काय काय जोडलंय, ते आठवा."

मला आठवलं. सासूबाईंच्या पलंगासमोर, पुस्तकांच्या फळीवर, एक बोटभर पांढरा कॅमेरा होता. खाली दुकानात असताना आईकडे लक्ष राहावं म्हणून मेहुण्यांनीच तो बसवला होता. त्याला आवाजही ऐकू येतो. आणि दिवाणखान्यातले दिवे मोबाइलवरून लागणारे होते, सासूबाईंना उठावं लागू नये म्हणून. एवढ्या मायेनं लावलेल्या वस्तू, आणि त्यांच्यावर राज्य करत होता तो लॉजमधला लफंगा. माझ्या डोळ्यांसमोर बाबांचा डावा हात आला, नेहमी वर जाणारा. उजवा हात मात्र नेहमी शालीखाली असायचा.

मी तडक पोलिसात जाऊ शकले असते. डॉक्टर तेच म्हणाले. मी म्हटलं, "जाऊ की. पण आधी त्याची दृष्टी त्याच्याच घशात घालते."

आप्पांना निरोप पाठवला, की मला सासूबाईंना भेटायचंय, बहिणीच्या वतीनं माफी मागायचीय. माफी म्हटल्यावर आप्पांनी दार उघडलं. जिन्यात उभं राहून मी आधी मोबाइल त्यांच्या वायफायला जोडला. त्यानं काही विचारलं नाही. दिव्यांच्या कंपनीचं अ‍ॅप उतरवलं, त्यात दिवाणखान्यातले सगळे दिवे रांगेनं हजर. कॅमेऱ्यानं तेवढं नाव आणि पासवर्ड मागितला. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे मी दोन्हीकडे 'अ‍ॅडमिन' लिहिलं, कारखान्यातून येतो तसा. आणि माझ्या मोबाइलवर निळी रजई दिसायला लागली. तिच्यावरची बारीक फुलंसुद्धा दिसत होती. धाकटी याच पलंगावर रोज सासूला पुसायची, कपडे बदलायची, आणि तिकडे तो बसून बघत होता.

आत जाऊन मी पलंगाशी बसले. खोलीत आम्ही दोघीच. मी बंद फोन कानाला लावला आणि कॅमेऱ्याकडे तोंड करून रडायला सुरुवात केली. दाव्यांच्या कामात इतकी खोटी रडणी बघितलीत की मला ते चांगलं जमतं.

"दादाला मीच घराबाहेर काढलं गं," मी फोनमध्ये हुंदके दिले. "थोरला भाऊ, आणि शेवटी त्याचं तोंडही बघितलं नाही. त्याचा तळतळाट लागलाय आम्हा बहिणींना. कोणाला सांगू नकोस."

सासूबाई माझ्याकडे टक लावून बघत होत्या. आम्ही दोघीच बहिणी, हे त्यांना पक्कं ठाऊक. त्यांनी तोंड उघडलं, तशी मी कॅमेऱ्याला पाठ करून मान हलवली आणि डोळ्यांनीच त्यांना फळीकडे बघायला सांगितलं. म्हातारीनं फळीकडे पाहिलं. मग माझ्या हातातल्या फोनच्या काळ्या पडद्याकडे. मग तिनं माझा हात असा काही दाबला की माझी बोटं दुखली. तिचं कंबरडं मोडलं होतं, डोकं शाबूत होतं. आणि तिला तिची सून परत हवी होती.

पुढच्या बैठकीला गर्दी आणखी वाढली. सुनेची बहीण शरण येणार, ही बातमी काकूंनी गल्लीभर केली होती. डॉक्टरही आले आणि दाराशी उभे राहिले, तेव्हा चार जण त्यांच्यापासून सरकून बसले. धाकटीला मी मुद्दाम बरोबर आणलं होतं. तिची पोर काकूंच्या मांडीवर होती, आईकडे झेपावत होती, आणि काकू सोडत नव्हत्या.

बाबांनी डावा हात वर केला. दिवे मंदावले. लोकांनी हात जोडले.

"ये पोरी, पुढे ये," ते मला म्हणाले. "तुझ्या मागे मला कोणी तरी उभा दिसतोय. पुरुष आहे. तुझ्या रक्ताचा."

"कोण बाबा?" मी हात जोडून विचारलं.

"दादा म्हणायचीस त्याला. थोरला भाऊ. तू त्याला घराबाहेर काढलंस. शेवटी त्याचं तोंडही बघितलं नाहीस. त्याचा तळतळाट तुम्हा बहिणींना भोवतोय."

खोलीत कुजबुज झाली. मी पदर तोंडाला लावला, कारण मला हसू आवरत नव्हतं. "दिसायला कसा आहे हो? मला त्याचं तोंड आठवत नाही."

"उंच. कपाळावर जखमेची खूण. रडतोय बिचारा."

"नीट बघा बाबा. चष्मा लावून बघा. आप्पांनी चांगला करून दिलाय."

बाबांच्या कपाळाला आठी पडली. तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला. बारीक, पण सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"हिला भाऊ नाही," सासूबाई म्हणाल्या. "या दोघीच बहिणी. कधीच नव्हता."

सगळ्यांनी आप्पांकडे पाहिलं. आप्पांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "हो," ते चाचरत म्हणाले, "दोघीच आहेत या."

"मागल्या जन्मीचा भाऊ," बाबा घाईनं म्हणाले.

"मागल्या जन्मीचा भाऊ मी परवा फोनवर सांगितला," मी म्हटलं. "या पलंगाशी बसून. तुमच्या तोंडी शब्द न् शब्द तोच आलाय. आणि फोन तर बंद होता बाबा. मी भिंतीशी बोलत होते. तुम्ही कुठून ऐकलंत?"

बाबांनी ताडकन डावा हात वर केला. "अविश्वासाचा वास येतोय," ते गरजले, आणि दिवे पार विझले. बायका किंचाळल्या. मी माझ्या मोबाइलवर बोट फिरवलं. दिवे लागले. त्यांनी पुन्हा विझवले. मी पुन्हा लावले. असं चार-पाच वेळा झालं, आणि मागून कोणीतरी खुदकन हसलं. त्या हसण्याची चव अजून माझ्या जिभेवर आहे.

मग मी मोबाइल आप्पांच्या हातात दिला. "घ्या. आता तुम्ही करा चमत्कार. इथे बोट लावा."

आप्पांनी बोट लावलं. दिवे विझले. त्यांनी पुन्हा लावलं, दिवे लागले. तो म्हातारा माणूस बराच वेळ मोबाइलकडे बघत राहिला.

"आता हे बघा," मी म्हटलं, आणि कॅमेऱ्याचं चित्र उघडून मोबाइल सगळ्यांसमोर धरला. त्यात आम्हीच होतो. निळी रजई होती, दाटीनं बसलेली माणसं होती, बाबांच्या डोक्यावरचं पडत चाललेलं टक्कल होतं. लोकांनी मोबाइलमधून नजर उचलली, ती सरळ फळीवरच्या कॅमेऱ्याकडे गेली. प्रत्येक जण आपण या खोलीत काय काय बोललो, ते आठवत असावा.

"शालीखालचा हात बाहेर काढा," मी म्हटलं.

बाबा उठले. दाराशी डॉक्टर उभे होते, ते हलले नाहीत. काकूंनी पोरीला सोडलं आणि बाबांची शालच ओढली. उजव्या हातात मोबाइल होता, उजळलेला, आणि त्यात ही खोली होती. पोर तोवर आईच्या गळ्यात पडली होती.

"बसा," मी म्हटलं. "त्याच खुर्चीत बसा."

बसला तो. त्याचं तोंड पांढरंफटक पडलं होतं, अगदी मला हवं होतं तसं. मी त्याला सोडलं नाही. कोणाच्या घरातलं कसं कळलं, ते त्याच्याच तोंडून एकेक करून वदवून घेतलं. काकूंच्या घरीही असाच कॅमेरा होता; वायफायला पासवर्ड होता, पण त्यांनीच तो त्याला पाय चेपताना सांगितला होता. गल्लीतल्या शिंप्याकडेही कॅमेरा होता, आणि तिथे वायफायच्या डब्याखाली चिकटवलेला कारखान्याचा पासवर्ड कोणी बदललाच नव्हता. काकू ऐकत होत्या आणि लाल होत होत्या. डॉक्टरांनी बोलावलेले पोलीस येईपर्यंत त्याला पाणीसुद्धा कोणी विचारलं नाही. मला वाईट वाटायला हवं होतं म्हणे. नाही वाटलं.

मग डॉक्टरांनी सगळ्यांना समजावलं, ते साधं होतं. वायफाय म्हणजे हवेतून चाललेलं बोलणं. ते भिंतीपाशी थांबत नाही, रस्ता ओलांडून जातं. खुलं ठेवलं, की येणारा जाणारा घरात शिरतो आणि घरातल्या वस्तूंशी बोलायला लागतो. एन्क्रिप्शन लावलं, की तेच बोलणं अशा गुंत्यात जातं की पासवर्ड असलेल्यालाच ते सोडवता येतं. बाकीच्यांना नुसती खरखर. म्हणून डब्याच्या सेटिंगमध्ये नवीनातलं नवीन एन्क्रिप्शन निवडायचं, लांबलचक पासवर्ड ठेवायचा, डब्याचा आणि कॅमेऱ्याचा कारखान्यातला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलायचा, आणि गिऱ्हाइकांसाठी वेगळं वायफाय काढून द्यायचं, घरापासून तोडलेलं. "आणि ज्या घरावर काळोख आहे म्हणून कोणी सांगेल," डॉक्टर म्हणाले, "त्या घराचं दार नीट लावलेलं असेल."

मला एवढंच जोडायचंय. तुमच्याबद्दल कोणाला काही कळलं, तर पाया पडायच्या आधी विचारा, कसं कळलं. आणि जे त्याला कळलं नाही, त्याची मोजदाद करा. माणसाला माहिती मिळते ती कुठल्या तरी वाटेनं मिळते. ती वाट शोधा. देव काही समोरच्या लॉजमध्ये खोली घेऊन राहत नाही.

आप्पांनी त्याच माणसांसमोर धाकटीची माफी मागितली. मेहुणे काही बोलायला गेले, तशी ती म्हणाली, "तुमचं नंतर." डॉक्टरांनी डबा कोरा करून नव्यानं बसवला आणि विचारलं, "पासवर्ड काय ठेवायचा?" सगळ्यांनी सवयीनं आप्पांकडे पाहिलं. धाकटीनं कडेवरच्या पोरीसकट पुढे होऊन डॉक्टरांच्या हातातून मोबाइल घेतला, सगळ्यांना पाठ केली आणि स्वतः टाकला. अजून तो फक्त तिलाच माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी आप्पा दुकानातून वर आले. चष्मा कपाळावर, मोबाइल हातात. दारातच उभे राहिले. "सूनबाई," ते म्हणाले, "तो पासवर्ड जरा..."

धाकटी सासूबाईंना सूप भरवत होती. तिनं वर न बघता चमचा भरला.

"बसा आप्पा," ती म्हणाली. "गिऱ्हाईक बसतं ना चष्म्यासाठी, तसे बसा."

आप्पा बाजूच्या खुर्चीवर टेकले आणि मुकाट्यानं वाट बघत राहिले.